डाव्या चपलेची भेटकार्डं

आमच्या गल्लीतलं तांबडं कुत्रं चोर नव्हतं. चप्पल मी नेली होती.

ही दोन वाक्यं लिहायला मला तीन हिवाळे लागले. लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवली. ती तीळ भाजत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढचं पन लिवा. तेवढ्यावर सुटका न्हाय तुमची." म्हणून पुढचं लिहितो.

मी पन्हाळ्याला तालुक्याच्या एका कचेरीत आवक-जावक कारकून होतो. येणाऱ्या कागदावर एक शिक्का, जाणाऱ्या कागदावर दुसरा, आणि रोज सकाळी तारखेची चाकं एक घर पुढं सरकवायची. पावसाळ्यात आणि थंडीत गडावर धुकं असं उतरायचं की शाईचं पॅड आपोआपच ओलं राहायचं. सगळी नोकरी मी ठोकाठोकीत घालवली, आणि निवृत्त झालो तरी हात थांबेना. जेवताना भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला की तो नकळत ताटाच्या काठावर ठोकायचो. बायको विचारायची, "झाली का आवक?"

घर कोल्हापुरात, कळंब्याच्या वाटेला. गल्ली लहान आहे. आमच्या भिंतीला भिंत लावून पैलवानांचं घर. तरुणपणी त्यांनी कुस्त्या मारल्या, पुढं गुडघे गेले, तालीम सुटली. वजन मात्र तालमीतलं होतं तसंच राहिलं. ते बाकावर बसले की बाकावरचा दुसरा माणूस आपोआप त्यांच्याकडं सरकतो. सगळी गल्ली त्यांना पैलवान म्हणते आणि मला भाऊसाहेब.

चार वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला सकाळी माझ्या फोनवर शुभेच्छा आल्या. एकच चित्र, नऊ वेळा. पितळेची वाटी, त्यात हलवा, बाजूला पतंग. त्यातलं एक पैलवानांचं होतं. म्हणजे भिंतीपलीकडून. एक वीट काढली असती तर हातात तिळगूळ देता आला असता.

पूर्वी असं नव्हतं. नव्या वर्षाच्या आसपास दुकानांत दोऱ्यांवर संक्रांतीची भेटकार्डं टांगलेली असायची, तिळगुळाची चिमुकली पुडी चिकटवलेली. आम्ही नवरा-बायको तासभर निवडत बसायचो. पुढं ती दुकानं मोबाईलची कव्हरं विकायला लागली.

त्या दिवशी संध्याकाळी कळंबा तलावावर फिरताना मी पैलवानांना हे बोलून दाखवलं. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं.

"मग तुमी काडा की हातानं! जनमभर शिक्कंच मारलासा. मारा कार्डावर."

"मारतोच," मी म्हणालो.

म्हटलं आणि अडकलो.

पुढच्या थंडीत मी कामाला लागलो. आधी बटाटा अर्धा कापून त्यावर सुगड कोरलं, संक्रांतीला बायका वाण भरून देतात ते मातीचं लहान बोळकं. बटाट्याला पाणी सुटलं आणि सुगड फुटल्यासारखं उठलं. मग भेंडी. भेंडी आडवी चिरली की फूल सुरेख उठतं, पण कार्ड वाळलं तरी त्याला माशा बसतात. शाळेच्या खोडरबरावर तीळ तेवढा मावायचा, ऊस नाही. कोर्टाजवळच्या शिक्केवाल्याकडं गेलो तर तो म्हणाला, "आजोबा, डिझाईन व्हॉट्सॲपला टाका, मशीन काढतंय." मशीनच काढणार असेल तर मी कशाला?

बटाट्याचं कार्ड मी पैलवानांना दाखवायची चूक केली. त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, उलटं केलं.

"भाऊसाहेब, हितं म्हशीनं पाय ठेवलावता काय?"

तलावाकाठच्या चहाच्या गाड्यावरचे सगळे म्हातारे हसले. मीही हसलो. पण ते हसणं मी डोक्यात आवक करून ठेवलं.

मग मला स्लिपरच्या रबराचा शोध लागला. छत्रीची मोडकी काडी आतून पन्हाळीसारखी असते. ती कापून टोकाला धार लावली की कोरायला झकास हत्यार होतं. त्या काडीनं मी माझीच जुनी स्लिपर कोरून पाहिली. कोरली लोण्यासारखी गेली, पण छाप उठेना. माझं वजन ते काय! तळवा वापरूनही पावासारखा फुगलेला, सगळी शाई पिऊन टाकायचा. शिक्क्याला पाहिजे दाबलेलं रबर. वर्षानुवर्षं एखाद्या भारी माणसानं टाचेखाली तुडवून तुडवून फरशीसारखं घट्ट केलेलं.

हे लक्षात आलं आणि भिंतीअलीकडं मला झोप लागेना. पैलवानांची चप्पल! पांढरा तळवा, निळा पट्टा. सकाळ-संध्याकाळ दारात असायची. टाचेची जागा पार बसलेली, चकचकीत, आणि तळव्यावर बारीक बारीक उंच टिपके. जाता-येता मी ती चप्पल बघायचो, लोक दुसऱ्याच्या दारातली गाडी बघतात तशी.

मागितली का नाही? म्हशीच्या पायामुळं. मागितली असती तर चहाच्या गाड्यावर आठवडाभर पुरेल एवढा विषय झाला असता.

डिसेंबरचे शेवटचे दिवस होते. सकाळी मंडईतून मेथी आणि पावटा घेऊन येत होतो. गल्लीत कोणी नव्हतं. पैलवानांच्या दारापुढं वाकलो, बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं, आणि डावी चप्पल पिशवीत, मेथीखाली. फक्त डावी. यात माझा कारकुनी हिशेब होता: दोन्ही नेल्या तर ती चोरी, एक नेली तर ती गंमत. शिवाय एकच हरवली की माणूस दुसरी आपणच टाकून देतो आणि नवी घेतो, फार बोभाटा होत नाही, असंही मला वाटलं होतं.

बायको दळणाला गेली होती. मी थेट गच्चीवर जाऊन चप्पल निरम्याच्या पाण्यात धुतली, टाच कापली, पुढचा भाग कापला, आणि निळा पट्टा कढीलिंबाच्या कुंडीत मातीखाली दाबला. अर्ध्या तासात चपलेत चप्पलपणाची खूण उरली नाही.

दुपारी आवाज आला. कुस्तीच्या मैदानात उपयोगी पडला असेल तसा.

"माजी डावी कुटं गेली?"

गल्ली गोळा झाली. मी मफलर बांधून सगळ्यात शेवटी गेलो. पैलवान उजवी चप्पल हातात धरून उभे होते. त्यांच्या पायाला कुरूप होतं, दुसरी कुठली चप्पल सोसत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

कोणीतरी म्हणालं, चोर असेल. पैलवानांनी हात वर केला.

"चोर न्हाय. चोर जोड नेतोय. माणसाला दोन पाय असत्यात. एकच चप्पल कोण नेतंय? ज्याला चप्पल घालायची न्हाय, खायाची हाय ते!"

सगळ्यांनी मान डोलावली. एवढा तर्क मी कचेरीत सबंध नोकरीत ऐकला नव्हता. आणि सगळ्यांनी वळून बघितलं ते आमच्या पायरीकडं. पायरीवर उन्हात तांबडं कुत्रं झोपलं होतं.

ते कोणाचंच नव्हतं, म्हणजे माझ्या बायकोचं होतं. रोज संध्याकाळी ती त्याला एका जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, थाळीत भाकरी कुस्करून द्यायची, वर आमटी, आणि ते खाईपर्यंत उंबऱ्यावर बसून त्याच्याशी बोलायची. माझ्याशी बोलायची त्याच्यापेक्षा जास्तच.

बायको पुढं झाली. "माज्या भाकरीवर वाडलंय ते. चपलाला तोंड लावत न्हाय."

"वैनी, मागं टोपी पळवलीवती का न्हाई त्यानं?"

"टोपीत तुमी शेंगा ठेवल्यावत्या!"

"ते काय बी असू दे. पळवली का न्हाई?" पैलवान माझ्याकडं वळले. "भाऊसाहेब, तुमी कायद्यातलं मानूस. तुमाला काय वाटतंय?"

सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. बायकोही. तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की आता नवरा दोन शब्द बरे बोलणार. कुत्रंही जागं झालं आणि शेपूट हलवायला लागलं.

मी म्हणालो, "मुक्या जनावराचं काय सांगता येतंय."

चप्पल उचलली ती गंमत म्हणून सोडता येईल. हे वाक्य सोडता येत नाही. कारण ते ऐकून पैलवान पायरीपाशी गेले आणि त्यांनी कुत्र्याला एक लाथ मारली. मैदान मारलेल्या माणसाची लाथ. कुत्रं केकाटत आमच्याच दारात, माझ्याच पायाशी आलं.

दुसऱ्या दिवशी पैलवानांच्या बहिणीचा मुलगा टेंपो घेऊन आला. गडहिंग्लजकडं त्यांची शेती आणि गुऱ्हाळ आहे, तिकडून तो कोल्हापुरात गूळ आणून पोचवायचा. रिकाम्या टेंपोत कुत्रं चढवलं. बायकोनं फडक्यात दोन भाकरी बांधून दिल्या आणि घरात निघून गेली. पैलवानांनी उरलेली उजवी चप्पल वाया घालवली नाही. ती टेंपोच्या मागच्या बंपरला बांधली, नजर लागू नये म्हणून.

"चोर सापडला म्हणून बरं," ते मला म्हणाले. "मानूस निगाला असता तर चालवत नेऊन पोचवला असता. जेल काय लांब हाय? फर्लांगभर."

मी कळंब्याच्या जेलच्या दिशेनं न बघता मान हलवली.

आता कोणी म्हणेल, एवढं झाल्यावर या माणसानं शिक्के टाकून दिले असतील. नाही. उलट मला वाटलं, कुत्र्यानं एवढं सोसलंय तर रबर वाया जाता कामा नये. मन किती तऱ्हेनं हिशेब घालतं ते म्हातारपणीच कळतं.

आणि शिक्के उत्तम झाले, हे कबूल केलंच पाहिजे. टाचेतून उसाचा तुरा कोरला. आमच्याकडं थंडी म्हणजे उसाला आलेले तुरे. बर्फ आम्ही फ्रीजमध्येच बघतो. पुढच्या भागातून सुगड केलं, उरलेल्या तुकड्यातून गुळाची ढेप. पंक्चरवाल्याकडच्या सोल्युशननं रबर लाकडी ठोकळ्यांना चिकटवलं. बायकोनं विचारलं, "एवडं झ्याक रबर कुठनं आणलासा?"

"शिक्केवाल्यानं दिलं."

ती उदासच होती, पण काम दिसलं की तिला बसवत नाही. ती स्पंजवर रंग लावायची, शिक्का त्यावर टेकवून माझ्या हातात द्यायची, मी दाबायचो. "हळू," म्हणायची. "सायबाची पत्रं न्हाईत ही. हळू दाबा." ओली कार्डं आम्ही अंगणात कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लावायचो. थंडीचं कोवळं ऊन त्यांच्यातून आरपार यायचं. सुंदर दिसायचं सगळं. आणि संध्याकाळी ती सवयीनं एक भाकरी जास्त थापायची, कुस्करायला घ्यायची, मग थांबून ती भाकरी बाहेर गाईला घालायची. पैलवानांच्या घराशी तिनं बोलणं टाकलं होतं. संक्रांतीला त्यांच्या घरी सुगड द्यायलाही गेली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कार्ड द्यायला मी गेलो. पैलवानांनी चष्मा लावला. उसाच्या तुऱ्यामागं सगळीकडं बारीक टिपके उठले होते. तळव्यावरचे ते उंच टिपके मला काही केल्या खरवडता आले नव्हते.

"नाद खुळा!" पैलवान ओरडले. "आणि तीळ बगा की कसं पसरल्यात! अगं ए, बग तरी!" बायकोला बोलावून दाखवलं. मग परत कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "ह्ये टिपकं मी कुटंतरी बगितल्यात."

माझ्या हातातला तिळगूळ विरघळला.

"वडगावच्या बाजारात," ते शेवटी म्हणाले. "चादर आलीवती तसली."

त्यांनी ते कार्ड चौकटीत बसवून देवाच्या फोटोंच्या रांगेत लावलं. म्हणजे पैलवान रोज सकाळी आपल्याच चपलेला उदबत्ती ओवाळायला लागले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी किंक्रांत. त्या दिवशी शुभ काम करत नाहीत, म्हणून बायकोनं कुंड्यांची माती उकरायला घेतली. मी आत पेपर वाचत होतो. बराच वेळ आवाज आला नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी मी जेवायला बसलो तर समोर ताट नव्हतं. जर्मनची थाळी होती. कुत्र्याची. तिच्यात भाकरी कुस्करून, वर आमटी ओतलेली, आणि काठावर निळा पट्टा, स्वच्छ धुतलेला.

"खावा," ती म्हणाली. "ज्यानं चप्पल नेली त्याची भाकरी हाय ती."

मी खाल्ली. दुसरं काय करणार? ती उंबऱ्यावर बसून मी खाईपर्यंत बघत होती. बोलत मात्र नव्हती.

थाळी उचलताना एवढंच म्हणाली, "उद्या गडैंग्लजला जायाचं. त्याला घिऊन यायचं. न्हाय आलं तरी पैलवानास्नी सांगायचं. आलं तरी सांगायचं."

सकाळच्या एस.टी.नं गेलो. पत्ता विचारत विचारत गुऱ्हाळ गाठलं. पैलवानांची बहीण तिथं देखरेखीला बसली होती. सगळे तिला अक्का म्हणत होते. मी कोल्हापूरच्या कुत्र्यासाठी आलोय म्हटल्यावर तिनं मला पावणं म्हणून आधी रसाचा तांब्या दिला आणि मग चुलवणाकडं बोट केलं. कढईखालच्या त्या मोठ्या भट्टीच्या ऊबेला, राखेत, तांबडं कुत्रं पसरलं होतं. तीन आठवड्यांत त्याची कंबर दिसेनाशी झाली होती. मिशांना काकवी लागली होती.

मी हाक मारली. "ये ये ये! चल घरी!"

त्यानं एक डोळा उघडला, मला बघितलं, आणि मिटला.

"तसं येत न्हाय आता त्ये," अक्का म्हणाली आणि ओरडली, "बा! इल्लि बा!"

कुत्रं टुणकन उठून तिच्याकडं धावलं. सीमेच्या अंगाला तिथं निम्मं कानडी चालतं. तीन आठवड्यांत त्यानं भाषासुद्धा बदलली होती. मीही लाजत लाजत "बा, बा" म्हणून पाहिलं. ते आलं, माझी पिशवी हुंगली, बायकोनं दिलेली भाकरी खाल्ली आणि परत राखेत जाऊन झोपलं. माझ्याबरोबर यायला ते काही तयार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "काकवी लागलीवती? मिशांस्नी?" आणि तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं, सुटलो.

"आता पैलवानास्नी सांगा."

मी उठलोच होतो, तोवर पैलवानच दारात. हात जोडून म्हणाले, "वैनी, सनाचं बोलणं टाकू नका. रागाच्या भरात त्याला लांब धाडलं, चुकलंच माजं. आन् भाऊसाहेब, पुढच्या साली मला बी शिकवा कार्डं. घरात बसून गंजलोय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी पैलवानांच्या तोंडाकडं बघितलं. आणि म्हणालो, "चहा टाक गं."

त्या चहात तीन वर्षं बुडाली. पैलवान दर डिसेंबरला आमच्या अंगणात यायला लागले. एवढा दांडगा माणूस, पण रंग लावायला हात कापसासारखा. स्वतःच्या टाचेचा तो तुरा ते रंगात टेकवायचे, फुंकर घालायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "काय रबर हाय, भाऊसाहेब! दगड!" बायको पलीकडं बसून कार्डांना घड्या घालायची आणि म्हणायची, "सांगा की त्यास्नी, कुठनं आणलासा." मी म्हणायचो, "शिक्केवाल्यानं." दर भोगीला, तीळ लावलेली पहिली भाकरी ती मला त्या थाळीत वाढायची. पैलवान जेवायला असले तरी. त्यांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, "डाक्टरनं सांगितलंय त्यास्नी."

गल्लीत मात्र कुत्र्याचं नाव झालं ते झालंच. आजही कोणाच्या दारात पाव्हण्यांच्या चपला दिसल्या की बाया म्हणतात, "आत घ्या गं, त्या तांबड्यासारखं एकादं यायचं."

गेल्या डिसेंबरात टाचेच्या शिक्क्याला तडा गेला. तुरा मधोमध फाटला. आता दुसरं रबर बघायला हवं, असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान आले ते हातात काहीतरी कागदात गुंडाळून.

"भाच्यानं टेंपो इकला," ते म्हणाले. "बंपरची सोडून आणली. उन्हापावसात कडक झालीय, पन टाच शाबूत हाय. हिची डावी कुत्र्यानं खाल्ली. हिचा तरी शिक्का करा." आणि खाली बसत, गुडघा धरत, अगदी सहज म्हणाले, "पयला शिक्का केलासा तवाच मागितल्या असत्या तर दोनी दिल्या असत्या की, भाऊसाहेब. चपला काय, तुमच्या कार्डापुढं."

त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते फक्त खरं बोलले होते.

मी कागद उलगडला. उजवी चप्पल पुढ्यात ठेवली. तिच्याजवळ सुगडाचा शिक्का ठेवला, ढेपेचा ठेवला, फाटलेला तुरा ठेवला, जिथलं तिथं, चपलेत होते तसे. बायको आत जाऊन निळा पट्टा घेऊन आली आणि वर ठेवला. तिनं तो जपून ठेवला होता हे मलाही माहीत नव्हतं.

पैलवान बघत राहिले. टिपक्यांवरून बोट फिरवलं. एकदा उजवीवर, एकदा शिक्क्यांवर.

"चादर नव्हं ती," ते हळू म्हणाले.

"न्हवं."

मला वाटलं, आता लाथ बसणार. बसायला हरकतही नव्हती. पण त्यांनी निळा पट्टा उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "चप्पल गेली, जाऊ दे. मी त्याला लाथ मारली, भाऊसाहेब. तुमाला इचारून मारली."

मी म्हणालो, "मला मारा." ते म्हणाले, "तुमी मरशीला."

बायको हसली, मग पैलवान हसले. मी हसलो नाही. मला त्या दिवशी हसायची परवानगी नव्हती.

मग त्यांनी शिक्षा सांगितली. दोन कलमं. एक, दोघांनी गडहिंग्लजला जाऊन कुत्र्याची माफी मागायची. दोन, सगळं कागदावर उतरवून गल्लीला वाचून दाखवायचं. "तोंडी चालायचं न्हाय. लेखी पायजे. तुमीच म्हणतासा नव्हं, तोंडी काय खरं नसतंय?"

संक्रांत झाल्यावर गेलो. गुडघ्यांमुळं पैलवानांना एस.टी.त चढवायला कंडक्टर आणि मी दोघे लागलो. कुत्रं आता थकलंय, तोंडाभोवती पांढरं झालंय, पण राखेतली जागा तीच आहे. पैलवान त्याच्यापुढं मोठ्या मुश्किलीनं खाली बसले. अक्का आणि गुऱ्हाळातली माणसं चुलवण सोडून बघायला आली. पैलवानांनी दोन्ही हात जोडले.

"चुकलं माजं. तुज्यावर खोटा आळ घेतला."

कुत्रं ढिम्म.

"आसं न्हाय, अण्णा," अक्का म्हणाली. "बा म्हन की."

"बा," पैलवान म्हणाले. "बा रे बाबा."

ते उठलं, आलं, आणि त्यांच्या उजव्या पायाचं कुरूप चाटायला लागलं. पैलवानांनी त्याच्या मानेत तोंड खुपसलं. मी माझी माफी नंतर मागितली, लांबूनच, मराठीत. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. गूळ लावलेली भाकरी तेवढी घेतली.

निघताना मी पिशवीतून एक कोरं कार्ड आणि शाईचं पॅड काढलं. जुनी सवय. कागद पोचवला की पोच घ्यावी लागते. त्याचा पुढचा पंजा धरला, पॅडवर टेकवला आणि कार्डावर ठेवला. दाबणार तेवढ्यात त्यानं पाय ओढून घेतला. दोनच बोटं उठली आणि एक फराटा.

ते कार्ड आता आमच्या दारात लावलंय. पैलवान म्हणतात, माफी झाली. मी म्हणतो, अर्ध्या पोचेवर फाईल बंद होत नसते. गल्लीला हे वाचून दाखवलं तेव्हा मधल्या घरातल्या बाईनं विचारलं, "आन् भाऊसाहेब, माजी चादर गेलीवती गच्चीवरनं, ती?" ती मी नेली नव्हती. पण माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या कुत्र्याचं थोडंसं कळलं.

उजव्या चपलेच्या टाचेतून यंदा नवा शिक्का कोरतोय: राखेत झोपलेलं कुत्रं. छत्रीची काडी मी धरतो, चप्पल पैलवान घट्ट दाबून ठेवतात. यंदाच्या भोगीला बायकोनं मला स्टीलच्या ताटात वाढलं. जर्मनची थाळी मात्र तिनं आत ठेवलेली नाही. ती उंबऱ्याजवळच असते. विचारलं तर म्हणते, "असू दे. तुमचा हात चुळबुळायला लागला की दिसावी."